पोशीरपर्यंत न पोचलेली यादी

माझी नात पुण्याच्या एका कंपनीत आहे, पण बहुतेक दिवस घरूनच काम करते. परवा तिचा कुठलासा प्रोग्राम चालता चालता पडत होता आणि का पडतो ते तिला कळत नव्हतं. मी शेजारी बसून वाल सोलत होते. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आजी, ह्या लिनक्समध्ये डंप आधीपासून बंदच असतो बघ. तो सुरू करावा लागतो. मग पडला की निदान कशाने पडला ते तरी कळतं." आणि तिने एक ओळ टाइप केली, एवढीशी. मी वालाची परात तशीच ठेवून आत गेले. मला एकदम सोनुबाई आठवली होती आणि नातीसमोर डोळे पुसायचे नव्हते.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर लोधिवलीच्या जवळ तेव्हा औषधाच्या बाटल्यांचा एक कारखाना होता. आता तिथे गोदामं आहेत. काचेच्या बाटल्या भट्टीतून निघायच्या आणि बायका त्या उजेडात धरून, तडा आहे का बघून खोक्यात भरायच्या. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. आमचं बिऱ्हाड कर्जतला, दहिवलीत. हे रेल्वेत होते. आणि माझा धाकटा दीर श्रीपत आमच्याकडेच राहून शिकला, डिप्लोमा झाला, मुंबईला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि आमच्याच कारखान्यात लागला. कारखान्याने तेव्हा नवीन मशीन घेतलं होतं. त्यावर युनिक्स म्हणून होतं, नातीच्या लिनक्सचं थोरलं भावंड म्हणा. मशीनला वरच्या मजल्यावर, गेटाकडे काचा असलेली एक थंड खोली दिली होती आणि तिच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. त्या खोलीत श्रीपत प्रोग्राम लिहायचा आणि मी टाइपरायटर सोडून तिथे आकडे, नावं भरायला बसू लागले.

आमचं मूळ गाव पोशीर, नेरळजवळचं. श्रीपत मशीनवर लागला तेव्हा पोशीरच्या बौद्धवाड्याने विहारात त्याचा सत्कार केला. गुलाबाचा हार घातला, पेन दिलं. भाषणं झाली. एका म्हाताऱ्याने उठून सांगितलं की आपल्या वाड्यातला पोरगा आता मशीनला शिकवतो. श्रीपत खाली मान घालून बसला होता. मला तेव्हा वाटलं, लाजतोय. आता वाटतं, तो घाबरला होता.

श्रीपतने जे पहिलं मोठं काम केलं ते बदली कामगारांच्या यादीचं. कायम कामगार थोडे आणि बदलीवाले फार. उद्या कोणाकोणाला काम आहे याची यादी आदल्या संध्याकाळी निघायची आणि सकाळी गेटावर चिकटवायची. पूर्वी ती टाइमकीपर नागू हाताने करायचा. तो चौकचा, गेटावरच्या खुर्चीत उभं आयुष्य काढलेला. यादी गावांच्या क्रमाने असायची, जवळची गावं आधी, लांबची शेवटी. पोशीर सगळ्यात शेवटी. तिथून बायका टेंपोने यायच्या. यादीत नाव नसेल तर त्याच टेंपोने परत. गावात फोन कुठला, म्हणून नाव आहे की नाही हे गेटावर आल्यावरच कळायचं.

ह्या बायकांत सोनुबाई होती. श्रीपतची चुलत काकी. श्रीपतच्या जन्मानंतर आमच्या सासूबाई फार आजारी होत्या, तेव्हा हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. तिचा नवरा माथेरानला हातरिक्षा ओढायचा, छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नाही. वर्षात ठरलेली हजेरी भरली की बदलीवालीला कायम करत, आणि सोनुबाईची त्या वर्षी भरत आली होती. कायम झाली असती तर रोज गेटावर उभं राहून, नाव आहे का नाही, हे दुसऱ्याला विचारायची तिची पाळी संपली असती. तिला पगारापेक्षा ह्याचंच जास्त होतं.

मशीनच्या उद्घाटनाला मुंबईहून मालक आले. त्यांच्यासमोर श्रीपतने यादीचा प्रोग्राम चालवला आणि तो पडला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की प्रोग्राम मेला आणि कोअर टाकला. मालकांनी विचारलं, कोअर म्हणजे काय. श्रीपत सांगू लागला, की साहेब, प्रोग्राम मरतो त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे काही असेल ते सगळं जसंच्या तसं मशीन एका फाइलीत ओतून ठेवतं, त्यालाच डंप म्हणतात, म्हणजे नंतर बघता येतं. तो चांगलं सांगत होता. पण मागे उभ्या असलेल्या दोघा ऑफिसरांचं दुसरंच चाललं होतं. एकाने विचारलं, कुठला हा. दुसऱ्याने हळूच सांगितलं, पोशीरचा, त्या वाड्यातला. पहिला नुसता "अच्छा" म्हणाला आणि दोघं हसले. मालकांनीही मग जास्त विचारलं नाही, चहाकडे वळले. श्रीपतचं वाक्य अर्धंच राहिलं.

त्यानंतर तो प्रोग्राम पुन्हा पडलेला कोणी पाहिला नाही. रोज संध्याकाळी पडद्यावर 'यादी पूर्ण' असं यायचं आणि प्रिंटरमधून कागद निघायचा. श्रीपतने दुरुस्त केला, असं सगळे म्हणाले. मीही तसंच समजले.

लावणीच्या दिवसांत पोशीरच्या बायका पहिल्यांदा परत गेल्या. यादी दुसऱ्याच कुठल्या गावापाशी संपली होती, पोशीरचं एकही नाव नाही. नागू खुर्चीतून म्हणाला, "आज पोशीरला आराम." बायकांना वाटलं, काम कमी असेल. मग पुन्हा एकदा. मग पुन्हा. सोनुबाईने नागूला विचारलं तर तो म्हणाला, मला काय विचारतेस बाई, पूर्वी मी करत होतो तेव्हा विचारायचं होतंस. आता तुझ्या पुतण्याच्या मशीनला विचार.

पुतण्याला विचारायला ती आली नाही. पण टेंपोत बोलणं सुरू झालं. साहेबांची मर्जी राखायला आपल्याच माणसांची नावं कापतो, असं. सत्काराच्या हाराचे पैसे परत मागा, असंही कोणी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. आमची कंपनीची बस गेटातून आत जायची तेव्हा त्या बाया बाजूला उभ्या असायच्या. एकदा सोनुबाईची आणि माझी नजरानजर होणार एवढ्यात मी पर्स उघडून काहीतरी शोधू लागले. पर्समध्ये रुमाल आणि पास, दुसरं काही नव्हतं. बस आत जाईपर्यंत मी तेच शोधत होते.

घरी श्रीपतला विचारलं तर म्हणाला, मशीन पूर्ण म्हणतंय वहिनी, मी काय करू. आणि ताटावरून उठला. लावणी सरली तशा याद्याही पुन्हा नीट येऊ लागल्या. गणपती गेले, नवरात्र गेलं. बोलणं थंडावलं. पण भात कापणीला आलं आणि पुन्हा पोशीरची नावं नाहीशी झाली.

एका रविवारी सकाळी मी ओटा धूत होते आणि सोनुबाई समोर उभी. भट्टीला रविवार नसायचा, आणि गेटावरून टेंपो कर्जतवरूनच परत जायचा, त्यातून ती उतरली होती. डोक्यावरून पदर, हातात डब्याची पिशवी. डबा उघडलेलाही नसणार. मी आत ये म्हटलं.

"नको गं. हितंच बरी हाय."

ओल्या ओट्यावरच टेकली. मी पाणी आणून दिलं. ते अर्धं पिऊन, अर्धं तांब्यात ठेवून ती म्हणाली, "हिरे, एक इचारू? आमचं काय चुकलंय?"

"कोणाचं?"

"आमचं पोशीरवाल्यांचं. नागू बोलतो, मशीन नाव काडतं. मशीनची नि माजी काय दुस्मनी हाय? त्याला कुनी सांगितल्याबिगर ते काडंल का?"

आत श्रीपत दाढी करत होता, पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे. वस्तऱ्याचा आवाज थांबला होता. तो आत आहे हे सोनुबाईला कळलं असावं. तिने आवाज खाली आणला.

"श्रीपत घरात हाय ना? त्याला नको बोलवू. पोरगा लाजंल. माजी हजेरी भरत आली हुती म्हनून इचारलं, नायतर आले नसते. तू त्याला सांगू बी नको मी आल्ती."

आणि ती उठून गेली. मी तिला साधं, थांब, चहा टाकते, एवढंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती थांबली असती आणि मला तिच्यासमोर बसावं लागलं असतं.

श्रीपत बाहेर आला तेव्हा अर्ध्या गालावर साबण तसाच होता. तो दारातच उकिडवा बसला.

"वहिनी, मशीन नावं काढत नाही. प्रोग्राम मरतो."

"मग पूर्ण कसं म्हणतं?"

"मी त्याचं तोंड बांधून ठेवलंय."

मग त्याने सगळं सांगितलं. यादीचा प्रोग्राम तो सरळ चालवत नव्हता. त्याच्यासाठी चार-पाच ओळी वेगळ्या लिहिल्या होत्या, त्या त्याला चालवायच्या. पहिली ओळ सांगायची, मेलास तर काही लिहून ठेवू नकोस, डंप बंद. मधली ओळ, कुरकुर केलीस तर ती पडद्यावर येऊ देऊ नकोस. आणि शेवटची ओळ, आत काहीही झालं तरी 'यादी पूर्ण' म्हण. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने हे केलं होतं. तेव्हाची चूक त्याने खरोखरच शोधून सुधारली होती, पण ओळी काढल्या नाहीत. म्हणाला, पुन्हा पडला असता तर पुन्हा ते दोघं हसले असते, आणि माझ्या प्रोग्रामला कोणी हसलं नसतं, वाड्याला हसले असते.

"पण तुला लावणीतच कळलं असेल की."

"कळलं. मी गुपचूप शोधत होतो. सापडेना."

मी म्हटलं, यादी जिथे संपते तिथलंच शेवटचं नाव बघ, त्याच्यापुढे काहीतरी असेल. तर तो म्हणाला की तसं नसतं. प्रोग्राम एकेक नाव छापत नाही. मूठभर नावं साठवतो आणि मूठ भरली की कागदावर टाकतो. मेला की त्या वेळी मुठीत असलेली नावं गेलीच. त्यामुळे कागदावरचं शेवटचं नाव बिचारं निर्दोष, खरी गडबड त्याच्यापुढे कुठेतरी, आणि ती कुठे हे फक्त मेलेल्याच्या डोक्यात. म्हणजे डंपात. आणि डंप त्यानेच बंद केलेला. सुरू करायचा म्हणजे पडद्यावरचं झाकण काढायचं, आणि मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्येही एक पडदा होता, त्यावर सगळं दिसायचं.

"काढतो," तो म्हणाला. "उद्या काढतो." मी काहीच बोलले नव्हते, तरी तो मला पटवत असल्यासारखा दोनदा म्हणाला.

सोमवारी त्याने त्या ओळी काढल्या. मी शेजारीच होते. एवढंसं काम, पण त्याला वेळ लागला. पहिल्या ओळीपाशी बोट ठेवून तो बराच वेळ बसून राहिला. मग ती पुसून त्याने तिथे उलटी ओळ लिहिली, की मेलास तर जेवढं असेल तेवढं सगळं लिहून ठेव.

आणि प्रोग्राम पडेना. सोमवारी यादी पूर्ण आली, पोशीरसकट. मंगळवारीही. आम्ही दोघं संध्याकाळी मशीनसमोर बसायचो आणि तो पडावा म्हणून वाट बघायचो. आपणच वाढवलेल्या पोराने ठेच खावी म्हणून वाट बघावी तसं. श्रीपत एकदा म्हणाला, कदाचित आपोआप बरा झाला असेल. त्याच्या आवाजातली आशा ऐकून मला त्याचा राग आला. मी म्हटलं, आपोआप बरा झाला तर सोनुबाईला काय सांगशील?

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो पडला. टर्मिनल पिंग करून वाजलं आणि पडद्यावर तीच जुनी इंग्रजी ओळ आली, मेला, कोअर टाकला. पलीकडच्या केबिनमध्येही तसंच वाजलेलं मला ऐकू आलं. मॅनेजर साहेब दारात आले, त्यांच्या मागे तेच दोघं ऑफिसर, चहाचे कप हातात घेऊन.

"श्रीपत, हे काय?"

"पडला साहेब."

"ते दिसतंय. इतके दिवस नीट चालला होता ना?"

श्रीपत उभा होता. त्याने ऑफिसरांकडे पाहिलं नाही. "नव्हता चालला," तो म्हणाला. "बघू द्या मला, मग सगळं सांगतो."

त्याने डंपातला वाचता येईल तेवढा भाग प्रिंटरला लावला. आधी सगळा कचराच येत होता, अक्षरं, चिन्हं, अर्धे शब्द. प्रिंटर करकरत होता आणि कागद घड्या पडत खाली साठत होता. एक ऑफिसर म्हणाला, रद्दी चांगली निघाली. मग नावं यायला लागली. मी वाकून वाचू लागले, कारण ती नावं मीच भरलेली होती. चंद्राबाई. तिच्याखाली जानकीबाई. तिच्याखाली चंद्राबाई. पुन्हा जानकीबाई. मी म्हटलं, प्रिंटर अडकला. श्रीपत म्हणाला, नाही, हे असंच आहे. पानच्या पान तेच. चंद्राबाई, जानकीबाई, चंद्राबाई, जानकीबाई. कागद जमिनीवर घसरत दारापर्यंत गेला तरी त्या दोघी संपेनात.

चंद्राबाई आणि जानकीबाई ह्या नेरळच्या सख्ख्या जावा, भातशेतीवाल्या घरातल्या, दोघी बदलीवर. कारखान्याचा नियम असा की बदलीवाली येणार नसेल तर आपल्या जागी कोण येईल तिचं नाव तिने आधीच देऊन ठेवायचं. ह्या दोघींनी एकमेकींचं दिलं होतं. तू नसलीस तर मी, मी नसले तर तू. शेतात सावड करतात तशीच, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. एरवी त्यात काही बिघडत नव्हतं. पण लावणी आली, कापणी आली, की दोघी एकदमच शेतात. मग प्रोग्राम चंद्राबाईकडे जायचा. ती नाही, तिच्या जागी कोण, जानकीबाई. जानकीबाईकडे जायचा. तीही नाही, तिच्या जागी कोण, चंद्राबाई. पुन्हा चंद्राबाईकडे. प्रत्येक फेरी आठवणीत ठेवून तो पुढची फेरी घालायचा, असं करत करत त्याचं डोकं भरून जायचं आणि तो मरायचा. नेरळच्या पुढची सगळी नावं तशीच राहायची, पोशीर धरून. नेरळच्या आधीचीही थोडी मुठीतच जायची.

श्रीपत कागद हातात धरून खुर्चीत बसला. मला वाटलं सापडल्याचा आनंद होईल. तो हळूच म्हणाला, "वहिनी, मी गुडघाभर चिखलात वाढलो. लावणीत दोन्ही जावा एकदम शेतात असणार, हे मला कोणी सांगायला हवं होतं?"

त्याने तेव्हाच प्रोग्राममध्ये सुधारणा केली, की आधी विचारलेल्या बाईकडे पुन्हा आलास तर थांब आणि ती जागा रिकामी धर. यादी पुन्हा काढली. शेवटचं नाव सोनुबाईचं होतं.

मॅनेजर साहेब खूश होते. त्यांना त्या जावांची गंमत वाटली, त्यांनी ती ऑफिसरांना पुन्हा एकदा सांगितली. श्रीपतच्या पाठीवर थाप मारून शाबास म्हणाले. तेव्हा श्रीपतने बाकीचं सांगितलं. लावणीपासून किती वेळा असं झालं, त्याने काय झाकून ठेवलं, आणि पोशीरच्या बायका कशा परत गेल्या. म्हणाला, साहेब, त्या दिवसांची हजेरी त्यांना मिळाली पाहिजे. चूक प्रोग्रामची होती आणि लपवणं माझं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर श्रीपतला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, त्या दिवशी प्रोग्राम पडला होता हे दाखवायला काय आहे?

काहीच नव्हतं. त्या दिवसांच्या याद्या होत्या, पण यादीत नाव नाही याचा अर्थ बोलावलं नव्हतं, एवढाच होतो. मुंबईच्या हेड ऑफिसला साहेबांना काहीतरी दाखवावं लागणार होतं. ते आजच्या कागदाच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "ज्या दिवसाचा कागद आहे त्या दिवशी कोणी परत गेलं नाही. ज्या दिवशी परत गेले त्या दिवसांचा कागद नाही. मी काय करू, तूच सांग." आणि मग, जरा थांबून, "आता नीट चाललंय ना? मग विषय संपव."

सोनुबाईची हजेरी त्या वर्षी भरली नाही.

तिला सांगायला आम्ही पोशीरला गेलो. श्रीपत एकटा जाणार होता, मी म्हटलं मीही येते. दुपारची वेळ होती. वाड्यामागच्या खळ्यावर सोनुबाई दुसऱ्याच्या भाताची झोडणी करत होती. पेंढी उचलायची, पाटावर आपटायची, बाजूला टाकायची. आम्हाला बघून थांबली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आलात का रं. बसा की."

श्रीपत बसला नाही. त्याने पिशवीतून तो कागद काढला. सगळा नव्हता आणला, थोड्या घड्याच होत्या. खळ्यावर पसरला आणि उडू नये म्हणून पायाने दाबून धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने तो निरखून पाहिला. मशीन कसं मरतं, त्या दोघी जावा कशा एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या, हे त्याने सांगितलं. मी मध्ये मध्ये सोपं करून सांगत होते. ती ऐकत होती.

"ह्यात मी कुटं हाय?" तिने विचारलं.

"तू नाहीस ह्यात, काकी."

"नाव हुडिक की नीट."

"नाहीस. मशीन तुझ्यापर्यंत आलंच नाही. आधीच मेलं."

ती कागदाकडे बघतच राहिली. मग खाली पेंढ्यात बसली.

"म्हंजी कुनी काडलं न्हवतं मला."

"नाही."

"मी लावनीपासनं इचार करते. कुनाचं काय वाईट केलं मी. नागूला एकदा उलटं बोलले हुते, वाटलं त्याने सांगितलं आसंल. चंद्राबाईच्या खोक्यातली फुटकी बाटली दाखवली हुती, वाटलं तिने. रोज एकेक मानूस काडायची मनात." ती जरा हसली. "फुकट समद्यांना शिव्या दिल्या की रं."

श्रीपतला वाटलं असेल, आता ती आपल्यालाही सोडेल. त्याचा चेहरा जरा सैल झाला. पण तिला प्रश्न सुचला होता.

"मग ते मेलं तवा वरडलं नाय? हितं कोंबडी मेली तरी वरडती."

"ओरडलं असतं. मी त्याचं तोंड बांधलं होतं."

"कशापाई?"

"साहेबांसमोर पडलं होतं एकदा. मला लाज वाटली."

सोनुबाईने हाताला लागलेलं भाताचं कुसळ झटकलं. खळ्याच्या पलीकडे दुसऱ्या बायकांचे पाट वाजत होते, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

"श्रीपत," ती म्हणाली, "मला गेटावरनं माघारी धाडायचे तवा तू वरच्या खिडकीत दिसायचास. काचेच्या खोलीत. मी त्या बायांना दाखवायचे, त्यो बघा आमचा पोरगा. त्या हसायच्या मला. मी बोलायचे, त्याला काम आसंल, म्हनून खाली येत नाय."

श्रीपतने कागदावरचा पाय काढला. वारा फारसा नव्हता, कागद जागचा हलला नाही. तो घडी करायला वाकला आणि त्याला घडी जमेना. मी ती केली. सोनुबाई आम्हा दोघांपैकी कोणाकडेही न बघता उठली आणि तिने पुढची पेंढी उचलली. आम्ही थोडा वेळ तिथे उभे राहिलो. कुठे उभं राहावं तेही कळत नव्हतं, कारण जिथे उभं राहू तिथे तिच्या कामाला अडचण होत होती.

नेरळ स्टेशनपर्यंत आम्ही चालत आलो. मला खिडकी आठवत होती आणि माझी पर्सही.

पुढच्या वर्षी सोनुबाई कायम झाली. तेव्हाही लावणी आली, कापणी आली, प्रोग्राम दोन-तीनदा वेगळ्याच कारणांनी पडला, आणि प्रत्येक वेळी श्रीपतने सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं की पडला आणि कशाने. हसणारे हसले. त्याचं त्याला पुढे काही वाटेनासं झालं. तो मोठ्या हुद्द्यावर गेला, मुंबईला बदलून गेला, तिथून पुण्याला.

सोनुबाई आमच्याकडे लग्नाकार्याला येत राहिली. माझ्याशी पूर्वीसारखीच, हिरे, अगं हिरे. पण श्रीपत समोर आला की पदर नीट करायची, बसलेली असली तर उठून उभी राहायची. म्हणायची, या श्रीपतराव. बरं हाय ना तुमचं.

तो म्हणायचा, काकी, मला अहो-जाहो काय करतेस.

"आसं कसं," ती म्हणायची. "तुमी साहेब मानूस."

ती टोमणा मारत नव्हती. मी तिला ओळखत होते, टोमणा मारायचा असता तर तसं तोंडावर बोलली असती. तिने त्याला खरोखरच त्या काचेच्या खोलीतल्या माणसांत धरलं होतं, ज्यांना काम असतं म्हणून ते खाली येत नाहीत. ती गेली तोपर्यंत त्याला तुमीच म्हणत होती. तिच्या अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो होतो. वाड्यातल्या एका बाईने श्रीपतला पुढे ढकललं, म्हणाली, ह्याला तिनेच वाढवला, शेवटचं पाणी ह्याच्या हातचं द्या. श्रीपत पुढे झाला नाही. माझ्या मागे उभा राहिला, एवढा मोठा माणूस, आणि मला म्हणाला, वहिनी, तू दे.

मी दिलं.